ग्रेस गॅलोवेचे घर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याचे नेतृत्व केले आणि शेवटी इंग्रजांचा पराभव झाला. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण वर्गात हा धडा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. तेथील सगळेच लोक राजाच्या विरुद्ध होते का?

तसे नव्हते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्या वेळी इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. त्यांतील बरेच लोक इंग्लंडच्या राजाशी वफादार राहिले. वसाहतींतल्या गोऱ्या लोकांपैकी असे लोक पाचांत एक तरी असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांना 'राजनिष्ठ' म्हणत. त्यांत शेतकरी होते, दुकानदार होते, पाद्री होते आणि मोठे जमीनदारही होते. बंडखोर जिंकले तेव्हा हे सगळे लोक हरलेल्या बाजूला गेले. हरलेल्यांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यातही बायकांची गोष्ट तर फारच थोडी लिहिली गेली आहे. अशाच एका बाईची माहिती या पाठात दिली आहे. तिचे नाव ग्रेस ग्रोडन गॅलोवे.

ग्रेस फिलाडेल्फियाची. फिलाडेल्फिया हे पेनसिल्व्हेनिया वसाहतीतील शहर तेव्हा तेराही वसाहतींत सर्वांत मोठे होते. तिचे वडील लॉरेन्स ग्रोडन हे वसाहतीतील बड्या असामींपैकी एक. शहराच्या उत्तरेला ट्रेव्होज नावाच्या ठिकाणी त्यांची मोठी जमीन आणि दगडी वाडा होता. डरहॅम येथील लोखंडाच्या कारखान्यात त्यांचा हिस्सा होता. ते न्यायाधीशही होते. अशा घरातील मुलीला शाळेपेक्षा घरच्या शिक्षकाकडून आणि आईवडिलांच्या पुस्तकांतून जास्त शिकायला मिळे. वाचणे, लिहिणे, भरतकाम, पाहुण्यांशी कसे बोलावे, कोणाच्या घरी केव्हा जावे आणि किती वेळ बसावे, हे सगळे तिला यावे लागे. ग्रेसला कविता करण्याचाही नाद होता.

१७५३ साली तिचे लग्न जोसेफ गॅलोवे नावाच्या वकिलाशी झाले. जोसेफ हुशार होता आणि महत्त्वाकांक्षी होता. पुढे तो पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेचा अध्यक्ष झाला. प्रसिद्ध शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन हा त्याचा जिवलग मित्र. फ्रँकलिन परदेशी गेला तेव्हा त्याने आपली कागदपत्रांची पेटी गॅलोवेच्याच घरी ठेवायला दिली होती. (पुढे युद्धाच्या धामधुमीत ती पेटी फोडली गेली आणि कागद इकडेतिकडे उडाले. दोस्तीचेही तसेच झाले.)

गॅलोवे दांपत्य शहरात राहत असे ते घर हाय स्ट्रीट म्हणजे आजचा मार्केट स्ट्रीट आणि सहावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या इमारतीत मंजूर झाला ती इमारत तेथून चार पावलांवर होती. घरात चांदीची भांडी, चिनी मातीचे चहाचे संच, रेशमी पडदे आणि दाराशी स्वतःची बग्गी होती. शहरातील प्रतिष्ठित बायका दुपारनंतर एकमेकींकडे चहाला जात. बग्गीतून जायचे, पायी नाही. पायी कोण चालते आणि गाडीतून कोण जाते, यावरून माणसाची किंमत ठरत असे. हे वैभव कोणाच्या कष्टावर उभे होते, हेही विसरून चालणार नाही. त्या काळी फिलाडेल्फियाच्या श्रीमंत घरांत चूल, पाणी, धुणे, घोडे ही कामे नोकर आणि गुलाम करत. गुलामी हळूहळू बंद करण्याचा कायदा पेनसिल्व्हेनियात १७८० साली झाला, तोही एकदम नव्हे. ज्या घरातून ग्रेसला पुढे बाहेर काढले गेले, तशा घरांत काही माणसे अशी होती की ज्यांना बाहेर जाण्याची परवानगीच नव्हती.

आता राजकारणाकडे वळू. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात तेरांपैकी बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद भरली. जोसेफ गॅलोवे तिचा सभासद होता. इंग्रज सरकार अन्याय करते हे त्यालाही मान्य होते. पण संबंध तोडू नयेत असे त्याचे मत होते. अमेरिकेची स्वतःची एक मोठी सभा असावी, तिचा प्रमुख राजाने नेमावा आणि अमेरिकेविषयीचे कायदे दोन्हीकडच्या संमतीने व्हावेत, अशी योजना त्याने मांडली. वसाहतींची मते घेतली गेली. सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ती बाजूला ठेवली गेली आणि नंतर तिचा उल्लेखही कामकाजाच्या नोंदीतून काढून टाकण्यात आला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर काय घडले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण तसे घडले नाही. १७७६ च्या अखेरीस गॅलोवे उघडपणे इंग्रज सेनापती हाऊ याला जाऊन मिळाला.

२६ सप्टेंबर १७७७ रोजी इंग्रज फौज फिलाडेल्फियात शिरली. या फौजेच्या पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिस होता. हे नाव तुमच्या ओळखीचे आहे. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि मराठे व निजाम यांना सोबत घेऊन त्याने १७९२ मध्ये श्रीरंगपट्टण येथे टिपू सुलतानाला तह करायला भाग पाडले. फिलाडेल्फियात इंग्रजांनी जोसेफ गॅलोवेला पोलीस आणि बंदर या खात्यांचा प्रमुख नेमले. ग्रेससाठी हे नऊ महिने पूर्वीच्याच थाटाचे गेले असतील. पण ते नऊच महिने होते.

१८ जून १७७८ रोजी इंग्रजांनी शहर सोडले. फ्रान्स अमेरिकेच्या मदतीला आला होता आणि इंग्रजांना आपली फौज न्यूयॉर्कला हलवायची होती. सुमारे तीन हजार राजनिष्ठ त्यांच्याबरोबर निघाले. जोसेफ गॅलोवे त्यांत होता. त्याची मुलगी एलिझाबेथ हीदेखील वडिलांबरोबर गेली. गॅलोवे दांपत्याच्या मुलांपैकी तीच एक मोठी होईपर्यंत जगली होती. काही महिन्यांनी बापलेक न्यूयॉर्कहून लंडनला गेले.

ग्रेस मात्र गेली नाही. ती फिलाडेल्फियात एकटीच मागे राहिली.

ती का राहिली, हे समजण्यासाठी त्या वेळचा इंग्रजी कायदा समजून घ्यावा लागेल. इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झाले की नवरा आणि बायको ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होत, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. या नियमाला 'कव्हर्चर' म्हणत. त्याचा अर्थ आच्छादन, म्हणजे झाकले जाणे. बायकोचे रोख पैसे, दागिने, सामानसुमान नवऱ्याचे होई. तिला वडिलांकडून जमीन मिळाली असेल तर ती जमीन विकायला तिची संमती लागे, पण जमिनीचा कारभार आणि उत्पन्न नवऱ्याच्या हातात जाई. मूल झाले असेल तर हा हक्क नवऱ्याच्या हयातीपर्यंत टिके. आपल्यापैकी अनेकांना याचे नवल वाटेल. मेहर आणि बापाच्या जायदादीतील हिस्सा हा बाईचा स्वतःचा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो प्रत्यक्षात तिच्या हाती किती पडतो, ही गोष्ट वेगळी.

ग्रेसच्या वडिलांचे निधन १७७० साली झाले आणि त्यांच्या मालमत्तेचा मोठा वाटा तिला मिळाला. म्हणजे ट्रेव्होजची जमीन तिच्या वडिलांकडून आलेली होती, नवऱ्याने कमावलेली नव्हती. पण पेनसिल्व्हेनियाच्या नव्या सरकारने मार्च १७७८ मध्ये जोसेफ गॅलोवेला देशद्रोही ठरवले आणि त्याची मालमत्ता जप्त करण्याचे फर्मान काढले. नवऱ्याच्या मालमत्तेत कायद्याने बायकोच्या जमिनीचे उत्पन्नही येत होते. त्यामुळे गुन्हा नवऱ्याचा आणि जप्ती बायकोच्या वारशावर, असा प्रकार झाला.

एक आशा मात्र होती. सरकारला मिळाला तो हक्क जोसेफच्या हयातीपुरता होता. तो वारल्यावर जमीन पुन्हा ग्रेसकडे किंवा तिच्या मुलीकडे यायला हवी होती. पण ग्रेसही शत्रूच्या फौजेबरोबर पळून गेली असती, तर तिलाही देशद्रोही म्हणता आले असते आणि मग हा दावा कोण सांगणार? म्हणून कोणीतरी जागेवर बसून राहणे भाग होते. मुलीच्या हक्कासाठी तिने मुलीलाच दूर पाठवले. तेव्हा तिचे वय पन्नाशीच्या आसपास होते.

इंग्रज निघून जात होते त्याच दिवसांत, जून १७७८ मध्ये, ग्रेस रोजनिशी लिहू लागली. सप्टेंबर १७७९ पर्यंतची तिची पाने उपलब्ध आहेत आणि ती १९३० च्या दशकात छापली गेली. आपल्याला तिची गोष्ट ठाऊक आहे ती या पानांमुळे.

जुलै महिन्यात सरकारचे लोक घरातील सामानाची यादी करायला आले. त्यांच्यात टोप्या बनवणारा एक कारागीर होता. ग्रेसला ते फार लागले. कालपर्यंत जो माणूस तिच्या दाराशी अदबीने उभा राहिला असता, तो आज तिची कपाटे उघडून पाहत होता. तिने लिहिले आहे की त्या लोकांनी फुटकी चिनी भांडी आणि रिकाम्या बाटल्यासुद्धा यादीतून सोडल्या नाहीत.

जप्त मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारने काही मुखत्यार नेमले होते. त्यांत चार्ल्स विल्सन पील हा एक होता. पील व्यवसायाने चित्रकार. जॉर्ज वॉशिंग्टनची त्याने काढलेली चित्रे आजही प्रसिद्ध आहेत. लोकांना घराबाहेर काढण्याचे हे काम त्याला मनापासून आवडत नव्हते. पण ते त्याच्याकडे आले होते आणि तो ते करत होता. त्याने ग्रेसला घर सोडण्यास सांगितले. ग्रेसने वकिलांचा सल्ला घेतला आणि ठरवले की आपण होऊन घर सोडायचे नाही. आपण होऊन बाहेर पडले तर हक्क सोडल्यासारखे होईल. बळजबरीने काढले तर तो हक्क शाबूत राहील.

२० ऑगस्ट १७७८ च्या सकाळी पील आणि त्याचे साथीदार आले. ग्रेसने दारे बंद करून घेतली होती. त्यांनी बाहेरून हाक मारली. तिने आतून सांगितले की घर माझे आहे आणि मी दार उघडणार नाही. शेवटी त्यांनी जबरदस्तीने आत प्रवेश केला. बोलाचाली झाली. तिचे सामान रस्त्यावर टाकू अशी धमकीही दिली गेली. तिच्यासाठी अंथरूण मागितले, तेही मिळाले नाही. तिची बग्गी आधीच सरकारजमा झाली होती. तेव्हा शहराचा लष्करी प्रमुख बेनेडिक्ट अर्नोल्ड याची गाडी मागवण्यात आली. पीलने तिचा हात धरला आणि तिला दारापर्यंत नेले. दाराशी थांबून तिने हजर असलेल्यांना साक्षी ठेवून सांगितले की मी हे घर स्वखुशीने सोडत नाही, मला जबरदस्तीने काढले जात आहे. पायऱ्या उतरल्यावर तिने पीलला हात सोडायला सांगितले. गाडीत बसण्यासाठी त्याने मदत देऊ केली, पण जगात ज्याचे उपकार घेण्याची आपली सर्वांत कमी इच्छा आहे तो माणूस तूच, असे तिने त्याला सुनावले आणि ती स्वतःच गाडीत चढली.

हा प्रसंग वाचताना एखाद्याला वाटेल की ही बाई मोठी गर्विष्ठ होती. होतीच. पण तिच्या बोलण्यात नुसता गर्व नव्हता. साक्षीदारांसमोर बोललेले प्रत्येक वाक्य पुढे न्यायालयात उपयोगी पडावे असे होते. कायद्याने तिला स्वतंत्र व्यक्ती मानले नव्हते, तरी कायदा तिला चांगला कळत होता. ज्या घरातून तिला काढले त्या घरात पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याचा प्रमुख जोसेफ रीड राहायला आला.

डेबोरा मॉरिस नावाच्या एका क्वेकर बाईने ग्रेसला आसरा दिला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील युद्धाला विरोध करणारा एक पंथ आहे. तिच्या घरी दोन खोल्यांत ग्रेसचा नवा संसार सुरू झाला. आता पैसे मोजून खर्चावे लागत. जुन्या मैत्रिणींपैकी काही येत राहिल्या, काहींनी येणे बंद केले. कोण आले, कोण आले नाही, कोणी रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखे केले, याची नोंद तिच्या रोजनिशीत वारंवार दिसते. ही पाने वाचताना कधीकधी कंटाळा येतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण प्रतिष्ठा हीच जिची कमाई होती, तिला दुसरा हिशेब कशाचा ठेवता येणार?

१७७९ मधली एक रात्र तिने लिहून ठेवली आहे. कोणाकडे तरी जाऊन ती परत येत होती. पाऊस पडत होता. गाडी नव्हती, म्हणून ती पायीच निघाली होती. तेवढ्यात तिची स्वतःचीच जुनी बग्गी तिच्या शेजारून निघून गेली. आत दुसरेच कोणी बसले होते. इथपर्यंत तिने मन घट्ट ठेवले. पण गल्लीत वळल्यावर तिला मुलीची आठवण आली. आपली आई रात्रीच्या पावसात साध्या बाईसारखी पाच चौक चालत, एका बोळातल्या खोलीकडे जाते आहे, हे मुलीने पाहिले तर तिला काय वाटेल? पुढचा विचार करण्याची आपली हिंमत होत नाही, असे लिहून तिने तो विषय सोडून दिला आहे.

अशा दुःखी नोंदींच्या बरोबरीने याच रोजनिशीत एक अगदी वेगळा सूरही ऐकू येतो. ग्रेस आणि जोसेफ यांचे वैवाहिक जीवन सुखाचे नव्हते. आपल्या कवितांतूनही तिने लग्नाविषयीची कडू भावना व्यक्त केली होती. नवरा समुद्रापार गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या लक्षात आले की आता कोठे जावे, कोणाला भेटावे, काय बोलावे, हे विचारणारे कोणी नाही. मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक असल्यामुळे ही गरिबीसुद्धा लग्नानंतरच्या कोणत्याही काळापेक्षा बरी वाटते, असे तिने लिहिले. नवऱ्यावर तिचा राग होता. आपली ही अवस्था त्याच्यामुळे झाली असे तिला वाटे. तरी चारचौघांत मात्र तिने त्याची बाजू कधी सोडली नाही. एकदा काही बायकांमध्ये ती म्हणाली की मला लुबाडून दाराबाहेर काढले तरी मी अजून जोसेफ गॅलोवेची पत्नी आणि लॉरेन्स ग्रोडनची मुलगी आहे. मला खाली पाहायला लावणे यांच्या हाती नाही. या वाक्यात ती स्वतःची ओळख सांगते ती नवरा आणि बाप यांच्या नावांनी. तिच्या काळात प्रतिष्ठित बाईजवळ याहून वेगळी ओळख नव्हती.

ग्रेससारख्या आणखी कितीतरी जणी होत्या. युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतर मिळून सुमारे साठ हजार राजनिष्ठांनी अमेरिका सोडली. कोणी कॅनडाकडे गेले, कोणी वेस्ट इंडीज बेटांवर, कोणी इंग्लंडला. १७८३ मध्ये इंग्रज सरकारने या लोकांच्या नुकसानीची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याच्याकडे आलेल्या अर्जदारांत ४६८ स्त्रिया होत्या. त्यांचे अर्ज इतिहासकारांनी अभ्यासले आहेत. आयोग विचारी, तुमची जमीन किती होती, तिची किंमत काय, नवऱ्याचे उत्पन्न किती? अनेक बायकांना याचे उत्तर देता येत नसे. नवऱ्याने त्यांना कधी सांगितलेच नव्हते. पण घरात भांडी किती होती, खुर्च्या कोणत्या लाकडाच्या होत्या, कपाटात कोणते कपडे होते, हे त्या एकेक करून सांगू शकत होत्या. वर्षानुवर्षे ज्या वस्तू रोज हाताखालून गेल्या त्यांचीच मोजदाद त्यांना येत होती. ग्रेस या बाबतीत वेगळी. तिला आपल्या जमिनीची आणि हक्काची पुरती माहिती होती.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली. इंग्रज परत येतील आणि आपले घर आपल्याला मिळेल, ही आशा त्यानंतर उरली नाही. ग्रेसची प्रकृती आधीपासूनच खालावत चालली होती. १७८२ साली फिलाडेल्फियातच तिचे निधन झाले. नवरा आणि मुलगी यांची पुन्हा भेट झाली नाही. कागदोपत्री तिच्या हातात काही नव्हते. तरीही तिने मृत्युपत्र केले आणि आपली वडिलार्जित मालमत्ता मुलीच्या नावे राहावी अशी तजवीज केली.

जोसेफ गॅलोवे इंग्लंडमध्ये बरीच वर्षे जगला. पेनसिल्व्हेनियात परत येऊ द्यावे अशी विनंती त्याने नंतर केली होती, पण ती नाकारण्यात आली. १८०३ साली तो वारला. त्याच्या मृत्यूबरोबर त्याचा हयातीपुरता हक्क संपला आणि सरकारने घेतलेला हक्कही संपला. वकिलांनी ग्रेसला जसे सांगितले होते तसेच झाले. फक्त त्याला पंचवीस वर्षे लागली. ट्रेव्होजची जमीन ग्रेसच्या मुलीकडच्या वारसांकडे आली. लॉरेन्स ग्रोडनचा तो दगडी वाडा आजही तेथे उभा आहे.